पट विसाच्या आत

दिवाळीच्या ताटात चकली-करंजीच्या शेजारी कोणी मिरचीचा ठेचा वाढला, तर पाहुण्याने रागावू नये. आमच्या माणदेशात ठेच्यावाचून जेवण पुरे होत नाही. संपादकांनी माझ्याकडे मागितली होती ती एक ग्रामीण कथा; शक्यतो विनोदी, शक्यतो दहा पानांची. कथा माझ्याजवळ आहे, पण ती पुढच्या वर्षी. यंदा मनात जे खदखदते आहे ते कथेच्या भांड्यात मावणारे नाही. वाचकहो, मला आज भांडायचे आहे. सणाला घरी आलेल्या माणसाशी जितके मोकळेपणाने भांडता येते तितके एरवी कोणाशीच येत नाही, म्हणून हे भांडण तुमच्यापुढे मांडतो.

भांडण आहे एका आकड्याशी. तो आकडा वीस.

२०२३ साली राज्याच्या शिक्षण खात्याने विसाच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभ्या करण्याचे प्रस्ताव मागवले. नंदुरबारचे तोरणमाळ आणि पुण्याचे पानशेत असे दोन दाखलेही दिले. विसाच्या आतल्या या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक आहेत आणि त्यांत शिकणारी मुले पावणेदोन लाखांच्या वर. त्याआधी २०१७ च्या डिसेंबरात दहाच्या आतल्या सुमारे १३०० शाळांवर कुऱ्हाड उगारली गेली होतीच. २०२३ ला ओरड झाली, तेव्हा ‘शाळा बंद करण्याचा विचार नाही’ असा खुलासा आला. खुलासा आला की आम्ही खेड्यातली माणसे अधिक घाबरतो. डॉक्टर जेव्हा आपण होऊन ‘काळजीचे कारण नाही’ म्हणतो, तेव्हा घरचे लोक एकमेकांकडे पाहू लागतात, तसेच हे.

माझ्या शाळेचा पट तेरा आहे.

शाळा आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीत आहे. वाडीचे नाव सांगत नाही. सांगून तुम्हाला कळणारही नाही, कारण एसटीच्या पाटीवर ते नाही. मी मॅट्रिक. दहावीला आमच्याकडची म्हातारी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मलाही तो शब्द बरा वाटतो. सरकारने वस्तीशाळा काढल्या तेव्हा, २००१ साली, महिना हजार रुपये मानधनावर मी या वाडीत आलो. शाळा भरे ती एका गोठ्याच्या पडवीत. एका बाजूला बाराखडी आणि दुसऱ्या बाजूला रवंथ. पुढे इमारत झाली, वस्तीशाळेची जिल्हा परिषदेची शाळा झाली, आणि नोकरीत असतानाच माझ्याकडून अध्यापनाचे प्रशिक्षणही करवून घेतले गेले. मधल्या वर्षांत चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन खपल्या. हे सांगितले ते एवढ्यासाठी, की मी कोणी तज्ज्ञ नव्हे. पण पंचवीस वर्षे एकाच ओढ्याच्या काठी बसलेला माणूस आहे, आणि तो ओढा मला तोंडपाठ आहे.

त्या ओढ्यापासूनच सुरुवात करतो, कारण सारे भांडण तिथेच पेटले.

परवाच्या उन्हाळ्यात एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, भिंतीवरची मुलांची चित्रे कौतुकाने पाहिली, आणि मग खिशातला मोबाइल काढून आमची शाळा ते पलीकडच्या मोठ्या वाडीची शाळा हे अंतर मोजले. नऊशे मीटर. कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली म्हणजे झाले. नऊशे हे हजाराच्या आत. साहेबांनी कागदावर टिपून घेतले. मी म्हणालो, “साहेब, ही रेघ घारीची आहे. पोरं पायांनी जातात.” मध्ये ओढा आहे. त्यावर पूल नाही. पुलावरून जायचे तर खालच्या अंगाने वळसा घालून सव्वादोन किलोमीटर. साहेबांनी ओढ्याकडे पाहिले. मे महिना होता. ओढ्यात वाळू, दगड आणि दोन गाढवे होती. साहेब मोटारसायकलवरून सरळ ओढ्यातून पलीकडे गेले आणि हात हलवून दिसेनासे झाले.

आता माणदेशाचा पाऊस कसा असतो ते ऐका. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला माण तालुका, आणि त्याला लागून सांगली जिल्ह्यातला आमचा आटपाडी. आमच्या वाट्याला जेमतेम पाचशेच्या आतबाहेर. सह्याद्रीने ढगांतले पाणी आधीच निथळून घेतलेले असते. आमची माणगंगा महादेवाच्या डोंगरात उगवते, म्हसवडवरून आमच्या तालुक्यात येते, सांगोल्याकडे जाते आणि शेवटी भीमेला मिळते. पण वर्षातले पुष्कळ महिने ती नदी कमी आणि वाळूचा रस्ता जास्त असते. मृगात आकाश नुसते गडगडते. जो काही पाऊस येतो तो परतीचा, उत्तरा-हस्ताचा. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, शाळा भर रंगात असताना. आणि तो रिमझिमत नाही. मुरमाड माळावरून तासाभरात सगळे पाणी खाली धावते, आणि ज्या ओढ्यात मे महिन्यात गाढवे उभी होती त्यातून आठवीचा मुलगाही ओलांडू शकत नाही; मग पहिलीतली सहा वर्षांची पोर कुठली?

मोबाइलमध्ये नऊशे मीटर दिसतात, हस्त नक्षत्र दिसत नाही.

लोक विचारतात, मग तुम्ही लोक असे विखरून का राहता? एका गावठाणात का नाही? पुण्यातल्या एका वाचनालयात माझ्या भाषणानंतर एका गृहस्थांनी हाच प्रश्न केला होता. राग येण्यासारखा प्रश्न. पण त्याला उत्तर आहे. जिथे चार हात पाणी लागले तिथे विहीर, जिथे विहीर तिथे भावकी, आणि जिथे भावकी तिथे वाडी. एका विहिरीवर दोनशे घरे जगत नाहीत, वीस जगतात. शिवाय मेंढरांना चरायला माळ लागतो, तो गावठाणात नसतो. कृष्णेचे पाणी उचलून आणणाऱ्या टेंभू योजनेचे काम १९९६ साली सुरू झाले, आणि पुढे ते पाणी आमच्या तालुक्यातल्या तलावांत येऊन पडले. डाळिंबाच्या बागा झाल्या. आता तर जो तो आपल्या बागेत राहायला गेला आहे. म्हणजे पाणी आल्याने माणसे एकत्र आली नाहीत, आणखी पांगली. हा इथला भूगोल आहे. तो बदलायचा म्हटला तरी विसाच्या नियमाने बदलणार नाही. फक्त पोरे घरी बसतील.

ती घरी तरी बसतील काय, याचीही मला शंका आहे.

आमच्या वाडीत धनगरांची घरे जास्त. दिवाळी झाली की कळप बाहेर पडतो. घोडी लादल्या जातात, कोंबड्या पाटीत बसतात, आणि माणसे मेंढरांमागे हिरव्या मुलखाच्या शोधात जातात ती मृगाच्या तोंडाला परततात. काही घरे ऊसतोडीला जातात. या जाण्यायेण्यात पोराचे काय करायचे हा प्रत्येक घरी दरवर्षी पडणारा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शाळा किती पावलांवर आहे यावर ठरते. शाळा दाराशी असेल तर पोर आजीपाशी राहते. आजीला डोळ्यांनी दिसत नसले तरी शाळेची घंटा ऐकू येते. पोर गेले हे तिला कळते, आले हेही कळते. शाळा ओढ्यापलीकडे गेली की आजी म्हणते, “मला न्हाई बाबा जमायचं,” आणि पोर कळपाबरोबर चालू लागते. माझ्या पंचवीस वर्षांत मी हे दोन्ही पाहिले आहे. आजीपाशी राहिलेल्यांतली एक मुलगी आज परिचारिका आहे. कळपाबरोबर गेलेला तिचा थोरला भाऊ अंगठा उठवतो. तो शाळेत जायच्या वयाचा होता तेव्हा वाडीत शाळा नव्हती, एवढाच दोघांत फरक.

मुलींचे तर आणखी निराळे. तिसरीतली मुलगी कडेवर धाकट्या भावाला घेऊन शाळेत येते, कारण आई पहाटेच रोजगाराला गेलेली असते. भाऊ मागच्या भिंतीला टेकून झोपतो. मधूनच उठून फळ्यावर रेघोट्या मारतो. नियमात हे बसत नाही, मी बसवून घेतो. समूह शाळेच्या गाडीत त्या भावाला जागा मिळेल काय? न मिळाली तर बहीण घरी राहील, हे सांगायला पंचांग नको.

वाडीतल्या एका म्हाताऱ्या नानांपुढे मी एकदा ही सगळी योजना समजावून सांगितली. ते चंची सोडून बसले होते. सगळे ऐकून म्हणाले, “मास्तर, पोरं काय मेंढरं हायती व्हय, ह्या वाघरंतनं काढून त्या वाघरंत कोंडायला? आन् मेंढरं हाकायची तरी आदी वाट बघत्यात, मंग हाकत्यात.”

आता थोडा इतिहास सांगतो, कारण लहान जागा म्हणजे निरुपयोगी जागा असे मानणाऱ्यांना आमच्या मुलखाचा इतिहास ठाऊक नसतो.

१९४८ पर्यंत आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थान केवढे, तर ७२ गावांचे. मोठ्या संस्थानिकांच्या पंगतीत त्याला कोणी वरचे पान वाढले नसते. पण त्याचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली, आणि तिचा पाया ठेवला तो गावच्या पंचायतीवर. देश स्वतंत्र व्हायला अजून आठ वर्षे होती. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. तिथे शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतींवाचून, बायकामुलांसह, शेती करीत ठेवले गेले. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा १९५७ चा चित्रपट तुम्हाला आठवत असेल. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि त्या कथेचे मूळ हे स्वतंत्रपूर. खुनाची शिक्षा झालेल्या माणसावर विश्वास टाकताना त्या राजाने ‘तुम्ही वीस आहात काय’ असे विचारले नव्हते.

माडगूळकरांचे नाव आले म्हणून आणखी एक गोष्ट. गदिमा आमच्या तालुक्यातल्या शेटफळ्याला जन्मले. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर हे माडगूळ्याचे. शंकरराव खरात आटपाडीचे. १९७३ ला यवतमाळ, १९८३ ला अंबाजोगाई, १९८४ ला जळगाव, अशा तीन साहित्य संमेलनांची अध्यक्षपदे या एका कोरड्या तालुक्याच्या वाट्याला आली. यांपैकी गदिमा तर मॅट्रिकला नापास झाले होते. (मी निदान पास आहे, पण माझ्या कादंबऱ्या वाचून हा फरक कोणाच्या ध्यानात आलेला नाही.) आणि खरातांचे घर गावाबाहेरचे, वडील गावकीची तराळकी करणारे. त्या घरातले पोर शाळेत गेले, वकील झाले, पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ‘तराळ-अंतराळ’ ज्यांनी वाचले आहे त्यांना मी वेगळे काही सांगायला नको. मात्र त्या पुस्तकामुळेच मला वाडीचे गोड चित्र रंगवता येत नाही. वाडीत भावकीची भांडणे आहेत, बांधाची आहेत, आणि कोणाच्या घरचे पाणी कोणी प्यावे याची जुनी भुतेही अजून पुरती गेलेली नाहीत. पण शाळेच्या सतरंजीवर तेरा मुले बसतात तेव्हा कोण कोणाशेजारी बसले आहे हे मी ठरवतो. वाडीत असे दुसरे छप्पर नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर एकशिक्षकी शाळा चालवायला गेलेल्या कोवळ्या मास्तराची ती कहाणी. शहरातल्या वाचकांनी तिच्यावर प्रेम केले, अजून करतात. मला भेटणारा प्रत्येक पुणेकर पहिल्यांदा तिचेच नाव घेतो. मी त्यांना एवढेच म्हणतो: त्या वाडीच्या शाळेत पोरे गोळा करता करता मास्तराला किती सायास पडले, ते आठवा. त्या शाळेचा पट आजच्या कागदावर मांडला तर ती पहिल्याच फेरीत समूह शाळेत जाईल. मग कादंबरीत उरेल काय? वाडीबद्दलचे आपले प्रेम पुस्तकाच्या कपाटात, आणि प्रत्यक्ष वाडी मात्र खर्चाच्या रकान्यात, असा हा न्याय आहे.

खर्चाचेही बोलू. एका मुलामागे लहान शाळेत खर्च जास्त येतो, हे खरे आहे. डोंगरावर पाणी चढवायलाही खर्च जास्त येतो, म्हणून कोणी टेंभूचे पंप बंद करा म्हणत नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले, त्यात त्यांची तक्रार हीच होती की सरकारी महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. फुल्यांचे मूळ गाव कटगुण आमच्याच शेजारच्या खटाव तालुक्यातले; हा हिशोब त्यांना माळावर उभे राहून कळला असणार. भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे सातारा जिल्ह्याच्या वाड्या-वस्त्यांवर शेकडो व्हॉलंटरी शाळा चालवल्या. त्या परक्या राज्यात लोकवर्गणीच्या धान्यावर चालल्या. आज अनुच्छेद २१-क प्रमाणे शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, २०१० पासून त्याचा कायदा अमलात आहे, आणि आता मात्र परवडत नाही!

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. वर्गात एकटे मूल असेल तर ते शिकणार कसे? खेळणार कोणाशी? एक मास्तर चार वर्ग कसे सांभाळणार? याला मी हसत नाही. माझ्या दुसरीत एकच मुलगा आहे. माझ्या जोडीचे दुसरे पद दोन वर्षे रिकामे आहे, आणि ज्या दिवशी मी कसल्या तरी सर्वेक्षणाला किंवा बैठकीला जातो त्या दिवशी शाळा चौथीतली मुलगी सांभाळते. हे चांगले नाही. पण चौथीतली मुले पहिलीच्यांना शिकवतात तेव्हा काय घडते ते कोणी येऊन पाहावे. दुसरीतला तो एकटा मुलगा तिसरीचे गणित ऐकून ऐकून तिसरीच्या पुढे गेला आहे. मास्तर कमी पडतो तर मास्तर द्या. शाळा काढून घेणे हा त्यावरचा उपाय कसा? आणि वर्षातून आठ दिवस या सगळ्या शाळांची मुले मोठ्या शाळेत एकत्र आणा, प्रयोगशाळा दाखवा, खेळवा. आम्ही पोरांना डब्यासकट आणून सोडतो.

शाळा म्हणजे केवळ मुलांची जागा, असेही नाही. मतदान तिथे होते, पोलिओचे डोस तिथे पाजतात. आमच्या आणि खानापूरच्या बाजूची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यापायी देशभर पसरली आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ती एकदम घराकडे आली, तेव्हा वाडीने त्यांना चौदा दिवस शाळेतच उतरवले. रात्री अंगणात, हात-हात अंतरावर बसून, ती मला कलकत्त्याच्या गल्ल्यांच्या गोष्टी सांगत. त्या अंगणाला कुलूप लावले की वाडीला सामाईक असे काय राहते? एक देऊळ आणि एक ओढा.

इथवर मी सरकारशी भांडलो. ते सोपे आहे, टाळ्याही मिळतात. पण पट विसाच्या आत आला तो साहेबांमुळे नव्हे. तो आला आमच्यामुळे. सकाळी सात वाजता वाडीच्या तोंडाशी एक पिवळी गाडी येते आणि गळ्यात टाय बांधलेली पोरे घेऊन तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते. डाळिंबाचे पैसे आले, गलाईचे आले, आणि वाडीच्या शाळेत पोर घालणे हे गरिबीचे लक्षण ठरले. ती गाडी रोज माझ्या अंगणावरून जाते. गेल्या जूनपर्यंत मी तिच्याकडे पाठ फिरवून घंटा वाजवीत असे.

गेल्या जूनपासून पाठ फिरवता येत नाही, कारण तिच्यात माझा धाकटा बसतो. थोरली मुलगी चौथीपर्यंत माझ्याच हाताखाली शिकली, आणि तिचे काही अडले नाही. धाकट्याच्या वेळी घरात बोलणे झाले, पाहुण्यांत झाले. मेहुणा म्हणाला, “दाजी, तुमच्या तत्त्वापायी पोराचं वाटोळं नको.” मी गप्प बसलो. माझा पट चौदा होता तो तेरा झाला. तो एक मीच पुसला. साहेबांनी उन्हाळ्यात हजेरीपत्रक चाळताना ते नाव बरोबर टिपले आणि काही न बोलता पान उलटले. ते बोलले असते तर बरे झाले असते.

या दिवाळीत कळप निघायची तयारी चालू आहे. तीन घरांतल्या आज्यांशी माझे बोलणे झाले. दोघी पोरे ठेवून घ्यायला कबूल आहेत, तिसरी अजून डोळ्याच्या ऑपरेशनचे सांगते आहे. ओढ्यावर साकव मिळावा म्हणून ग्रामसभेत ठराव करायचा आहे, तो नाना मांडणार आहेत. आणि धाकट्याचे नाव जूनमध्ये पुन्हा माझ्या पटावर घालायचे मी ठरवले आहे. घरातून अजून होकार आलेला नाही. लक्ष्मीपूजन झाल्यावर पुन्हा विषय काढणार आहे. आला, तर पट चौदा होईल. सहा तरीही कमीच.